देणगी : तेव्हाची आणि आताची



मे-जून महिना आला की आपल्या मीरा रोडमध्ये, नया नगरापासून शांती नगरापर्यंत, घरोघरी एकच विषय असतो. बारावीचा निकाल, सीईटीचे पर्सेंटाइल, नीटचे गुण आणि त्यापाठोपाठ पुढचा प्रश्न : सरकारी कॉलेजात नंबर लागेलसे दिसत नाही, तर मग एखाद्या नामांकित खाजगी विद्यापीठात मुलाला घालावे काय? नाव मोठे आहे, इमारत काचेची आहे, माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले आहे. फी मात्र अशी की ती भरण्यासाठी कोणी गावाकडची जमीन काढतो, कोणी बायकोचे दागिने मोडतो, कोणी वीस वर्षांच्या नोकरीचा प्रॉव्हिडंट फंड उचलतो. "सर, काय करू?" असे पालक विचारतात. फळ्यावरच्या गणितासारखे याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. परंतु इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट करता येते. आजचा हा प्रश्न कोठून आला, हे तो सांगू शकतो. ते ठाऊक झाले म्हणजे निर्णय घेणे थोडे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

हा इतिहास सांगताना मी एकच शब्द धरून चालणार आहे. तो शब्द म्हणजे 'देणगी'. आज आपण बोलताना त्याला 'डोनेशन' म्हणतो, आणि डोनेशन म्हटले की आईबापांनी संस्थेला द्यावयाची रक्कम असाच अर्थ डोळ्यांपुढे येतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या शब्दाची वाट अगदी उलट होती.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. सरकारी कायद्याने झाले म्हणून आपण त्याला सरकारी विद्यापीठ म्हणतो. पण फोर्टमध्ये गेलात तर जरा मान वर करून पाहा. तो उंच राजाबाई मनोरा व त्याखालचे ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभे राहिले. दोन लाख ग्रंथालयासाठी आणि दोन लाख मनोऱ्यासाठी त्यांनी दिले. पदवीदान सभागृहासाठी कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली. भायखळ्याला १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजाशेजारचे रुग्णालय जमशेटजी जीजीभाईंच्या नावाचे आहे, ते उगीच नव्हे. १८८७ साली निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेला, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयला, दिनशॉ पेटिट यांचा हातभार लागला. आणि आपल्या समाजातील वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे एक नाव : सर करीमभाई इब्राहिम. फोर्टमधील विज्ञान संस्था, जी आज डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे, तिच्या देणगीदारांत कावसजी जहांगीर, जेकब ससून व वसनजी मुळजी यांच्या बरोबरीने करीमभाई आहेत. एक पारशी, एक ज्यू, एक हिंदू आणि एक मुसलमान! देणगी देणाऱ्याला त्या संस्थेत आपल्या मुलासाठी जागा नको होती. ज्याच्यापाशी पैसे नाहीत अशा दुसऱ्याच्या मुलासाठी ती जागा होती.

असे असूनही आरंभीच्या काळात या विद्यापीठात आपली मुले जवळजवळ नव्हतीच. १८६२ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत मुसलमान नाही. याची कारणे अनेक सांगतात. इंग्रजीविषयीची अढी होती, फारसी गेल्याचा सल होता, आणि व्यापारी घरांत तर 'दुकान आहे, पदवी कशाला?' हा हिशेब होता. तो हिशेब आजही आपल्याकडे थोडाफार चालतो, पण असो.

या काळातील दोन माणसे मला मुद्दाम शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात. पहिले बद्रुद्दीन तय्यबजी. वडील तय्यब अली हे सधन व्यापारी, आणि त्या काळच्या मानाने विलक्षण धाडसी. मुलांना शिकण्यासाठी त्यांनी थेट विलायतेला पाठवले. थोरले कमरुद्दीन तेथे सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन १८६० साली गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले. पुढे १८८७ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १८९५ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दुसरे रहिमतुल्ला सयानी. ते विलायतेस गेले नाहीत. येथेच मुंबईत, याच विद्यापीठात शिकले, १८६८ साली एम.ए. झाले आणि १८७० साली कायद्याचे पदवीधर झाले. १८९६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एक बापाच्या पैशावर परदेशी शिकलेला, दुसरा गावच्या विद्यापीठात शिकलेला. दोघांच्याही वाट्याला तीच खुर्ची आली! 'फॉरेनशिवाय किंमत नाही' असे म्हणणाऱ्या आमच्या काही मित्रांनी या दोन तारखा भिंतीवर लावून ठेवाव्यात.

परंतु खरी लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. जे तय्यबजी स्वतः महागड्या वाटेने गेले, त्यांनी समाजासाठी कोणती वाट काढली? १८७४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, आणि १८८० साली तिची पहिली शाळा उघडली. बोरीबंदरसमोरची तिची देखणी इमारत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. अंजुमन ही खाजगी संस्था होती. व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर ती चालली, पण तिने सरकारी अनुदानही घेतले. तिच्या शाळेचा उद्देश असा होता की आपल्या मुलांनी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेला इतरांच्या बरोबरीने बसावे. १८८२ साली हंटर आयोगापुढे तय्यबजींनी साक्ष दिली ती मुसलमानांच्या शिक्षणाला सरकारने विशेष उत्तेजन द्यावे म्हणून. म्हणजे खाजगी पैसा हा त्यांच्या दृष्टीने सार्वजनिक विद्यापीठाच्या दारापर्यंतचा पूल होता. विद्यापीठाला पर्याय उभा करण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता.

आता आपल्याच लोकलच्या वाटेवरचे उदाहरण घेऊ. मीरा रोडहून चर्चगेटकडे निघालात की दहिसर, बोरिवली असे करीत जोगेश्वरी येते. पूर्वेला टेकडीवर इस्माईल यूसुफ कॉलेज आहे. जहाजाच्या धंद्यात नाव कमावलेले सर महंमद यूसुफ यांनी मुसलमान मुलांच्या उच्च शिक्षणासाठी १९१४ साली आठ लाख रुपये सरकारच्या हवाली केले. आठ लाख! त्या काळी कारकुनाला महिन्याकाठी वीस-पंचवीस रुपये मिळत असताना हा आकडा काय असेल, याचा विद्यार्थी मित्रांनी स्वतः हिशेब करावा. कॉलेज कोठे काढायचे, कसे काढायचे या विचारात सोळा वर्षे गेली आणि अखेर १९३० साली ते वडिलांच्या नावाने सुरू झाले. लक्षात घ्या, शेठजींना स्वतःचे खाजगी कॉलेज काढता आले असते. त्यांनी पैसा सरकारला दिला आणि सरकारी कॉलेज काढावयास लावले. त्यामुळे शिक्षक सरकारी पगाराचे राहिले आणि फी सामान्य घराला झेपणारी राहिली. आजही ते सरकारी कॉलेज आहे, त्याच टेकडीवर आहे, आणि आपल्यातील कित्येक जण त्याच्याखालून रोज जातात व येतात. त्या टेकडीवर काय आहे हे मुलांना विचारून पाहा. फारच थोड्यांना सांगता येईल.

उत्तरेकडे याच प्रश्नाने वेगळे वळण घेतले, तेही थोडक्यात पाहू. सर सय्यद अहमद यांनी अलीगढला १८७५ साली शाळा काढली, दोन वर्षांत तिचे कॉलेज झाले. त्याचे विद्यापीठ व्हावे म्हणून आगाखान यांच्या पुढाकाराने देशभर वर्गणी गोळा झाली. सरकारची अट तीस लाखांची होती, आणि ती पुरी झाली. १९२० साली कायद्याने अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले. समाजाचा पैसा आणि सरकारचा कायदा असा हा संयोग होता. ते नेमके कोणी स्थापन केले, समाजाने की संसदेने, हा वाद पुढे कोर्टात गेला. १९६७ साली अझीझ बाशा खटल्यात सुप्रीम कोर्टाने समाजाविरुद्ध निकाल दिला, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो निकाल मोडीत काढला आणि प्रत्यक्ष अल्पसंख्याक दर्जाचा निर्णय दुसऱ्या पीठाकडे सोपवला. त्याच १९२० साली, सरकारी मदत नको म्हणणाऱ्यांनी अलीगढमध्येच जामिया मिल्लियाची स्थापना केली. १९२५ साली ती दिल्लीला गेली. पैशाची एवढी ओढाताण की डॉ. झाकिर हुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे दरमहा दीडशे रुपयांहून अधिक पगार न घेण्याची शपथ घेतली. 'खाजगी विद्यापीठ' या शब्दाचा एक अर्थ असाही होता : जेथे शिक्षक आपला पगार देणगी म्हणून देतात! तीच जामिया १९८८ साली केंद्रीय विद्यापीठ झाली, आणि आज आपली मुले प्रवेश परीक्षा देऊन माफक फीमध्ये तेथे शिकतात.

मग देणगीची वाट उलटी केव्हा झाली? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर साल १९८३.

त्याआधी आपल्या राज्यात इंजिनिअरिंगची कॉलेजे हाताच्या बोटांवर मोजावी इतकी होती. मुंबईत व्हीजेटीआय, पुण्यात सीओईपी, शिवाय सांगली, कऱ्हाड, नागपूर, अमरावती आणि तेव्हाचे औरंगाबाद. मुंबईच्या पवई येथे १९५८ साली आयआयटी सुरू झाली, पण तिचे दार देशभरच्या मुलांना खुले आणि चाळणी भलतीच बारीक. तिकडे कर्नाटकात मणिपालला १९५३ साली खाजगी मेडिकल कॉलेज निघाले होते आणि पुढील काळात त्या राज्यात कॅपिटेशन फी घेणाऱ्या कॉलेजांचे पेव फुटले. महाराष्ट्रातील पैसेवाल्यांची मुले थैल्या घेऊन तेथे जात. आपला पैसा परराज्यात का जावा, आणि सरकारच्या तिजोरीत नवी कॉलेजे काढण्याइतका पैसा तर नाही, अशा विचाराने मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. एकदोन वर्षांत राज्यभर इंजिनिअरिंग कॉलेजे उभी राहिली. सहकारातील पुढारी, साखर कारखानदार, जुने शिक्षणप्रेमी, नवे शिक्षणप्रेमी असे सगळे पुढे सरसावले. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत तेव्हापासून रूढ झाला. त्यात गौरव किती आणि टोमणा किती, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखावे लागते.

या लाटेत काहीच चांगले झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अल्पसंख्य समाजांनीही याच संधीचा उपयोग केला. भायखळ्याचे साबू सिद्दीक तंत्रशिक्षण केंद्र १९३६ पासूनचे, तेही एका मुसलमान व्यापाऱ्याच्या धर्मादाय पैशातून आलेले. त्याचे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले ते १९८४ साली. सिंधी, ख्रिस्ती समाजांच्या संस्थांनीही मुंबईत याच सुमारास इंजिनिअरिंग कॉलेजे काढली. हजारो पहिल्या पिढीची मुले इंजिनिअर झाली. पण अनेक ठिकाणी फीखेरीज 'बिल्डिंग फंड' सुरू झाला, पावतीवर एक आकडा आणि पाकिटात दुसरा आकडा हा प्रकार आला. म्हणून १९८७ साली खुद्द महाराष्ट्र विधिमंडळाला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. कायदा झाला, शब्द मात्र टिकला. पूर्वी शेठ देणगी देई आणि गरिबाचे पोर शिके. आता पोराचा बाप 'डोनेशन' देऊ लागला आणि संस्था शेठ झाली.

पुढचा इतिहास कोर्टात घडला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सुप्रीम कोर्टाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. तेथे कर्नाटकातील एका खाजगी मेडिकल कॉलेजात सरकारी जागेला वर्षाला दोन हजार आणि परप्रांतीय विद्यार्थ्याला साठ हजार अशी फी होती. १९९३ साली उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' अशी विभागणी आणली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पालकांना हे दोन शब्द चांगलेच आठवत असतील. २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांनी ती विभागणी रद्द केली आणि खाजगी संस्थांना स्वायत्तता दिली.

आणि मग आला तो निकाल, ज्याच्या नावातच आपल्या महाराष्ट्रातील एक मुसलमान शिक्षणसेवक आहे : पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १२ ऑगस्ट २००५. पुण्याच्या आझम कॅम्पसचे हे इनामदार. सात न्यायाधीशांनी सांगितले की विनाअनुदानित संस्थांवर सरकार आपले आरक्षण किंवा आपल्या जागांचा वाटा लादू शकत नाही. मात्र त्याच निकालात हेही सांगितले की प्रवेश गुणवत्तेवर व उघड पद्धतीने झाले पाहिजेत, नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. पुढे घटनेच्या त्र्याण्णवाव्या दुरुस्तीने सरकारला खाजगी संस्थांतही आरक्षण ठेवण्याचा अधिकार मिळाला, अल्पसंख्याक संस्था तेवढ्या वगळल्या. आपल्या समाजातील संस्थाचालक या निकालाचा पूर्वार्ध तोंडपाठ म्हणतात. उत्तरार्धही त्याच निकालाचा आहे, एवढे नम्रपणे सुचवतो.

हे सर्व चालू असताना आपला समाज सरकारी उच्च शिक्षणात कोठे होता? २००६ साली न्या. राजिंदर सच्चर समितीने देशापुढे आकडे ठेवले. नामांकित कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान, पदव्युत्तरला पन्नासामागे एक. सर्व आयआयटी मिळून २७,१६१ विद्यार्थ्यांपैकी ८९४ मुसलमान. आयआयएममध्ये ४,७४३ पैकी ६३. महाराष्ट्रात महमूदूर रहमान समितीच्या अहवालानंतर २०१४ साली राज्य सरकारने वटहुकूमाने पाच टक्के आरक्षण दिले. हायकोर्टाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातील पाच टक्के चालू राहू दिले. तरीसुद्धा त्या वटहुकूमाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो बाद झाला. केंद्राची मौलाना आझाद संशोधन शिष्यवृत्ती २००९ साली सुरू झाली होती, २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ती बंद करण्यात आली. तेव्हा सरकारी दार सताड उघडे आहे आणि आपली मुलेच आळशी आहेत, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दार अरुंद आहे. पण दार अरुंद असणे निराळे आणि दार आहे हेच ठाऊक नसणे निराळे. आपल्याकडे दुसरा प्रकार जास्त.

आता आजच्या खाजगी विद्यापीठांकडे वळू. येथे शब्दांचा घोळ फार आहे, तो आधी सोडवला पाहिजे. विनाअनुदानित कॉलेज हे सहसा सरकारी विद्यापीठाला संलग्न असते, त्याची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि बहुतेक जागा सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेरीतून भरल्या जातात. अल्पसंख्याक संस्था असेल तर किमान निम्म्या जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. खाजगी अभिमत विद्यापीठ किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ ही निराळी जात आहे. तेथे फी बव्हंशी विद्यापीठ स्वतःच ठरवते. उलट, 'अभिमत' म्हणजे खाजगीच असेही नाही. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुने लोक अजून यूडीसीटी म्हणतात, ती १९३३ सालची, २००८ पासून अभिमत, आणि सरकारी पैशावर चालणारी. तात्पर्य, नुसत्या पाटीवर विश्वास ठेवू नये, फी कोण ठरवतो एवढे विचारावे.

मेडिकलचे उदाहरण घेतो, कारण आपल्याकडे सर्वाधिक घरे तेथेच बुडतात. राज्यातील सरकारी कॉलेजात एमबीबीएसची वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात, खाजगी अभिमत विद्यापीठात वीस लाखांच्या आसपास व त्याहूनही पुढे. नीट परीक्षा दोन्हीकडे तीच. मग फरक कोठे पडतो? नीटच्या यादीत वरचा मुलगा पैशाअभावी अभिमत जागा सोडतो, ती खाली घसरत घसरत पैसेवाल्यापर्यंत पोचते. आज पाकीट लागत नाही. फीचा आकडाच पाकिटाचे काम करतो. माझ्या माहितीतील एका पालकाने परराज्यातील एका संस्थेच्या दलालाला जागेचा बयाणा म्हणून दोन लाख दिले होते. दलालाचा फोन ऑगस्टपासून बंद आहे. मुलगी मात्र हुशार निघाली, ती बी.एस्सी. नर्सिंगला सरकारी कॉलेजात गेली आणि आज घर तिच्या पगाराची वाट पाहते.

खाजगी म्हणजे वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. अलीकडे काही विद्यापीठे अशी निघाली आहेत की जेथे देणगी पुन्हा जुन्या वाटेने चालते. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ साली एक वनस्पती तुपाची कंपनी निघाली, मालक महंमद हुसेन हाशम प्रेमजी. तीच पुढे विप्रो झाली. त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड या खाजगी विद्यापीठात शिकत असता १९६६ साली वडिलांच्या निधनामुळे परत आले. त्यांनी आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग दान केला आणि २०१० साली बेंगळुरूला त्यांच्या नावाचे विद्यापीठ कायद्याने स्थापन झाले. घरची मिळकत पाहून तेथे फीमाफी मिळते. हरियाणातील सोनीपतची अशोका युनिव्हर्सिटी २०१४ सालची. तिची पूर्ण फी वर्षाला कित्येक लाख आहे, पण गरजू विद्यार्थ्यांना मदत देण्याची तरतूदही आहे. अशा ठिकाणी तुमच्या मुलाला पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असेल तर खुशाल पाठवा, बेलाशक पाठवा. परंतु शिष्यवृत्तीचे पत्र हाती आल्याशिवाय घर गहाण टाकू नका. शिष्यवृत्ती म्हणजे फीत दहा टक्के सवलत, असे सांगणारी जाहिरात ही शिष्यवृत्ती नव्हे, ती दुकानातील सेल आहे.

आणि सरकारी वाटेवर काय आहे ते नीट पाहा. आयआयटीची शिकवणी फी २०१६ पासून वर्षाला दोन लाख आहे हे ऐकूनच पुष्कळ पालक मागे फिरतात. पण कुटुंबाचे उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास ती पूर्ण माफ होते आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफ होते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू येथील पदवी अभ्यासक्रमांना २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे. तीत बारावीच्या टक्क्यांची शर्यत नाही. मुलींच्या बाबतीत तर जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला : आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातही ही माफी लागू आहे. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मात्र यातून वगळली आहेत. म्हणजे आपल्या मुलीला केवळ पाटी मोठी म्हणून अशा विद्यापीठात घालणारा बाप चार वर्षांची माफी स्वतःच्या हाताने नाकारतो.

ही सवलत घेण्यासाठी कागद लागतात, आणि कागदांच्या बाबतीत आपण मीरा रोडवाले फार मागे आहोत. मोमीन, पिंजारी-मन्सुरी, बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. "आपल्यात जात नसते" असे म्हणून पालक दाखला काढत नाहीत. धर्माच्या दृष्टीने ते खरेच आहे, पण यादी धर्माची नाही, मागासलेपणाची आहे. ज्यांची बिरादरी यादीत नाही, त्यांना २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे दहा टक्के खुले आहेत. तेथेही उत्पन्न आणि वास्तव्य यांच्या अटी आहेतच.

अडचण येते ती वास्तव्याच्या तारखेची. राज्याच्या ओबीसी दाखल्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ रोजी किंवा त्यापूर्वी महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मीरा रोडची बहुतेक घरे गेल्या चाळीस वर्षांतली, आणि १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून येथे आलेली कुटुंबे पुष्कळ. त्यामुळे लोकांना वाटते की आपल्याकडे पुरावा नाही. पुरावा येथे नसतोच, तो जुन्या पत्त्यावर असतो. ज्यांचे वाडवडील त्या तारखेनंतर उत्तर प्रदेश वा बिहारमधून आले, त्यांनी केंद्र सरकारच्या संस्थांसाठी मूळ राज्यातून दाखला काढावा. ती बिरादरी केंद्राच्या यादीत त्या राज्यापुढे नोंदलेली आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे. बाकीच्यांनी यंदा मूल दहावीत असेल तर याच सुटीत मदनपुरा, डोंगरी, नागपाडा, भिवंडी, जेथे आजोबा राहत होते तेथे एक फेरी मारावी. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीचे कार्ड, खोलीची भाडेपावती, चुलत्यांच्या जन्माची नोंद, जे मिळेल ते घेऊन यावे. शाळेच्या रजिस्टरमध्ये 'मुसलमान' एवढेच लिहिले असेल तर त्याच घरातील दुसऱ्या कोणाच्या दाखल्यावर बिरादरीची नोंद आहे का ते पाहावे. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत भरून टाकावा, कारण निकालाच्या आठवड्यात त्या कार्यालयाबाहेर उभे राहणाऱ्यांची रांग जिन्याखाली गेलेली असते.